आधुनिक वैद्यकामुळे माणसाची उत्क्रांती थांबली आहे, की तिची दिशा बदलली आहे?

चौकस

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. नैसर्गिक निवडीचे प्रकरण संपत आले की दरवर्षी वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी जी मुले लहानपणीच दगावत, ती आता लशी आणि औषधांमुळे जगतात, मोठी होतात आणि त्यांनाही मुले होतात. मग सदोष जनुके समाजात साठत जाऊन काही पिढ्यांनी माणूस जात म्हणून दुबळा होणार नाही का?

प्रश्न जुना आहे. देवीच्या लशीमुळे, एरवी त्या रोगाला बळी पडले असते असे हजारो अशक्त लोक वाचले, हे निरीक्षण खुद्द डार्विनने 1871 साली नोंदवले होते. मात्र दुर्बळांना मदत करण्याची आपली वृत्ती दडपली, तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भागच खालावेल, असेही त्याने लगेच पुढे म्हटले होते. पुढच्या पिढीतील सुप्रजननवाद्यांनी, म्हणजे निवडक लोकांनाच मुले होऊ देऊन वंश सुधारावा असे मानणाऱ्यांनी, पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला, आणि जर्मनीत 1933 च्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी करण्यात आली. त्यामुळे वर्गात या प्रश्नाचे उत्तर देताना मला दोन्ही बाजूंची भीती वाटते. 'असा विचारच करू नये' असे म्हणून विद्यार्थ्याला गप्प करणे मला पटत नाही, आणि 'होय, तसेच होणार' असे सांगणे तर त्याहून वाईट.

म्हणून मला नैतिक उत्तराच्या आधी हिशोबी उत्तर हवे आहे. बालमृत्यू इतके कमी झाल्यावर नैसर्गिक निवडीला माणसांत वाव तरी उरला आहे का? वाढती सिझेरियन आणि वाढते चष्मे हे जनुकीय बदलाचे पुरावे म्हणून सांगितले जातात, ते खरे आहेत का? आणि तिसरा प्रश्न गडचिरोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना उपचार मिळून त्यांचे संसार उभे राहू लागले, तर तो आजार पुढच्या पिढ्यांत वाढेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गणिती

लोकसंख्या-जनुकशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

निवड होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. माणसामाणसांच्या जगण्यात किंवा अपत्यसंख्येत फरक पडला पाहिजे, आणि त्या फरकाचा काही अंश तरी जनुकांमुळे आलेला असला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशे किंवा त्याहून अधिक बाळे पहिल्या वर्षातच जात. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार हा आकडा देशासाठी 28 आणि महाराष्ट्रासाठी 16 होता. मृत्यूच्या वाटेने होऊ शकणाऱ्या निवडीचा वाव त्या प्रमाणात आटला आहे, यात शंका नाही.

तथापि या मृत्यूंकडे पाहताना एक गोष्ट सहसा निसटते. त्या दोनशे बाळांपैकी बहुतेक जण जनुके वाईट होती म्हणून गेले नव्हते. ते गढूळ पाणी, उपासमार, धनुर्वात आणि आईचे आजारपण यांमुळे गेले. अशा मृत्यूंत निवडीपेक्षा दैवाचा आणि दारिद्र्याचा वाटा मोठा असतो. इंग्लंडमध्ये क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून सातत्याने घटत होते, कारण अन्न आणि घरे सुधारली होती. म्हणजे वैद्यकाने निवड थांबवली, असे आपण ज्याला म्हणतो त्याचा बराचसा भाग मुळात निवड नव्हता, आणि जो होता त्याचेही श्रेय किंवा दूषण एकट्या वैद्यकाकडे जात नाही.

आता साठत जाणाऱ्या जनुकांकडे वळू. लाखात एका बाळाला होणारा, दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच प्रकट होणारा एखादा आजार घ्या. समजा, पूर्वी ही बाळे वाचतच नसत. अशा स्थितीत सदोष जनुकाचे प्रमाण सुमारे 316 प्रतींमागे एक असते आणि दर 158 निरोगी माणसांमागे एक जण वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत बाळगणारा, असतो. याचा अर्थ असा की सदोष प्रतींपैकी 316 मधल्या 315 प्रती निरोगी वाहकांच्या शरीरात असतात, जिथे निवडीची नजर पोहोचतच नाही. आता रामबाण उपचार सापडला आणि प्रत्येक बाधित बाळ मोठे होऊन इतरांइतक्याच मुलांचे आईबाप झाले, असे धरा. यापुढे जनुकाच्या प्रमाणात भर पडेल ती फक्त नव्या उत्परिवर्तनांची (जनुकात नव्याने होणाऱ्या बदलांची), म्हणजे दर पिढीला लाखात एक. या गतीने आजाराचे प्रमाण लाखात एकावरून लाखात दोनवर जायला सुमारे 131 पिढ्या लागतील. पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर हा काळ सव्वातीन हजार वर्षांहून अधिक भरतो. तेवढ्या काळात वैद्यक कुठे असेल याची चिंता कोणी करावी असे मला वाटत नाही.

एकच प्रत पुरेशी असणाऱ्या आजारांचे गणित निराळे आहे आणि ते लपवून उपयोग नाही. डोळ्यातील पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग लहान मुलांना होतो. त्याचा आनुवंशिक प्रकार असलेली मुले पूर्वी वाचत नसत. आज वेळेत उपचार मिळालेली बहुतेक मुले वाचतात, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्याला ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते. पूर्वी दर पिढीतील असे सगळे रुग्ण नव्या उत्परिवर्तनातून येत. आता त्यांत वारशाने आलेल्यांची भर पडते, आणि वाचलेल्या सर्वांना सरासरीइतकी मुले झाली तर या प्रकाराचे प्रमाण एकाच पिढीत दुप्पट होऊ शकते. 'वैद्यकाचा परिणाम किती' असा सरसकट प्रश्न विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. प्रत्येक जनुकाचे खाते वेगळे उघडावे लागते.

राहिला प्रश्न वाव उरला आहे का, हा. मृत्यूतला फरक घटला, पण अपत्यसंख्येतला फरक उरतोच. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून चालू असलेल्या हृदयविकाराच्या पाहणीतील नोंदी वापरून 2010 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. तेथील स्त्रियांत निवड अजूनही मोजता येते, आणि ती किंचित कमी उंची, थोडे अधिक वजन, कमी कोलेस्टेरॉल, लवकर पहिले मूल आणि उशिरा रजोनिवृत्ती या दिशेने आहे, असे त्यात दिसून आले. परिणाम बारीक आहे. पण औषधे, रुग्णालये आणि शीतकपाटे असलेल्या गावातही निवड चालू असते, एवढे त्यातून नक्की समजते. आपल्याकडे विवाहाचे वय, शिक्षण आणि कुटुंबनियोजन यांनी कोणाला किती मुले होतात हे गेल्या दोन पिढ्यांत पार बदलून टाकले आहे. त्याचा जनुकांशी संबंध असलाच तर तो कोणत्या दिशेने आहे, हे अगोदरच गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

प्रसूतिकक्ष

सिझेरियनबद्दल वारंवार ऐकू येणारे विधान एका विशिष्ट लेखावर उभे आहे, म्हणून त्या लेखात काय आहे ते आधी सांगते. व्हिएन्नातील संशोधकांनी 2016 मध्ये एक गणिती प्रतिमान मांडले. माणसाचे बाळ मोठ्या डोक्याचे असते आणि आईची कटी, म्हणजे बाळ ज्यातून बाहेर येते ते कंबरेच्या हाडांचे कडे, त्या मानाने अरुंद. बाळ मोठे असले तर ते जगण्याची शक्यता वाढते, पण एका मर्यादेपलीकडे ते अडते आणि पूर्वी आई व बाळ दोघेही जात. सिझेरियनने ही दुसरी बाजूच काढून टाकली. त्यामुळे बाळाचे डोके आणि आईची कटी यांचा मेळ न बसण्याचे प्रमाण गेल्या काही दशकांत हजारी 30 वरून हजारी 36 पर्यंत गेले असावे, असे त्या प्रतिमानाचे भाकीत होते. हे भाकीत आहे; कोणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कटी मोजून काढलेला निष्कर्ष नाही. बातम्यांत मात्र 'सिझेरियनमुळे स्त्रियांची कटी अरुंद होत आहे' असे छापून आले आणि तेच आजवर फिरते आहे.

प्रतिमान बरोबर आहे असे मानले, तरी ते हजारामागे सहा प्रसूतींचा फरक सांगते. आता प्रत्यक्ष आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण 2005-06 मध्ये 8.5 टक्के होते, 2015-16 मध्ये 17.2 टक्के झाले आणि 2019-21 मध्ये 21.5 टक्के. महाराष्ट्रात 2019-21 च्या पाहणीत ते 25.4 टक्के होते. देशभरातील खासगी रुग्णालयांत तर जवळजवळ निम्म्या प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. पंधरा वर्षे ही एक पिढीसुद्धा नव्हे. या काळात आकडा अडीचपट झाला, त्याला जनुके जबाबदार असूच शकत नाहीत. पहिल्या सिझेरियननंतर दुसरेही सिझेरियनच करण्याची पद्धत, वाढलेले मातृत्वाचे वय, गरोदरपणातील मधुमेह, कोर्टकचेरीची भीती, मुहूर्ताचा आग्रह आणि रुग्णालयाची सोय ही कारणे त्यामागे आहेत. यांपैकी शेवटच्या दोन कारणांवर आमच्या व्यवसायात जितके उघडपणे बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही, असे माझे मत आहे.

आणखी एक मुद्दा आहे. आपल्या ग्रामीण भागात बाळ अडण्याचे एक जुने कारण म्हणजे आईची बालपणातली उपासमार. मुलीची उंची खुंटली की कटीही लहान राहते, आणि मुडदूस झाला असेल तर तिचा आकारच बिघडतो. या स्त्रियांची जनुके रुंद कटीचीच असू शकतात. त्यांना वाढीच्या वयात पोटभर अन्न मिळाले नाही, एवढेच. त्यांच्या मुली चांगल्या आहारावर वाढल्या तर कटी एका पिढीत सुधारते.

चष्म्यांचेही तसेच. पूर्व आशियातील मोठ्या शहरांत शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी 80 ते 90 टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसते, आणि त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीत हे प्रमाण याच्या अंशानेही नव्हते. ग्वांगझौ येथील शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा उघड्यावर ठेवले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी होण्याचे प्रमाण 30.4 टक्के राहिले; तसे न केलेल्या शाळांत ते 39.5 टक्के होते. चष्म्याने कमजोर डोळ्यांना तारले म्हणून ते वाढले, ही कल्पना ऐकायला तर्कशुद्ध वाटते. पण जो आजार उन्हात खेळल्याने कमी होतो, त्याचे खापर निवडीच्या शिथिलतेवर फोडता येत नाही.

वैनगंगा

गडचिरोली आणि चंद्रपूर भागात मी बरीच वर्षे सिकलसेलचे रुग्ण पाहत आलो आहे. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर दोन विरुद्ध दिशांनी ओढले जाणारे आहे.

आधी हे जनुक इथे टिकले का, ते पाहू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच हा बदल. दोन्ही प्रती सदोष असलेल्या 'एसएस' व्यक्तीच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि मग असह्य वेदना, जंतुसंसर्ग, पक्षाघात अशी संकटे येतात. एकच प्रत असलेली 'एएस' व्यक्ती सहसा निरोगी असते, आणि फॅल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून तिला लहानपणी संरक्षण मिळते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून हे दाखवून दिले. भारतात हे जनुक 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींत प्रथम आढळले. महाराष्ट्रात विदर्भापासून नंदुरबारच्या सातपुड्यापर्यंतचा त्याचा पट्टा जुन्या मलेरियाच्या जंगली पट्ट्याशी मोठ्या प्रमाणात जुळतो. हा फक्त आदिवासींचा आजार आहे, हा समज मात्र चुकीचा आहे. विदर्भातील अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो चांगलाच पसरलेला आहे, आणि या समजापायी कित्येक रुग्णांचे निदान वर्षानुवर्षे लांबते.

तर हे जनुक एका हाताने मलेरियापासून वाचवत होते आणि दुसऱ्या हाताने 'एसएस' बाळे नेत होते. वैद्यकाने या दोन्ही हातांना धरले आहे. मच्छरदाण्या, फवारणी, तत्काळ रक्ततपासणी आणि आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्या यांनी मलेरियाचे मृत्यू कमी केले. त्यामुळे 'एएस' असण्याचा फायदा घटतो आणि जनुक कमी होण्याकडे कल जातो. दुसरीकडे न्यूमोकोकसची लस, लहानपणी पेनिसिलिन, हायड्रॉक्सीयुरिया आणि सुरक्षित रक्त यांमुळे 'एसएस' मुले मोठी होत आहेत. त्यामुळे जनुक कमी होण्याचा वेग मंदावतो.

यातले आकडे 'गणिती' यांच्या पद्धतीने मांडून पाहू. समजा, एखाद्या समाजात या जनुकाचे प्रमाण 10 टक्के आहे. मग 18 टक्के लोक वाहक असतील आणि 1 टक्का बाळे 'एसएस' जन्मतील. मलेरिया पूर्णपणे गेला आणि उपचार मात्र काहीच नाहीत, असे धरले तर हे प्रमाण निम्मे व्हायला दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे लागतील. उपचार उत्तम आहेत आणि 'एसएस' व्यक्तींनाही इतरांइतकीच मुले होतात असे धरले, तर प्रमाण 10 टक्क्यांवरच स्थिर राहील. या दोन टोकांच्या मध्येच आपले भविष्य आहे. मलेरिया परतला नाही तर उपचारांमुळे आजार वाढणार नाही. फार तर तो जितका आपोआप घटला असता तितका घटणार नाही. आणि तो 'आपोआप घटणे' म्हणजे प्रत्यक्षात अडीचशे वर्षे चाललेले बालमृत्यू असतात, हेही त्या विद्यार्थिनीला सांगावे. मलेरियाच्या बाबतीतही गृहीत धरून चालत नाही. साठच्या दशकात देशातील रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली होती आणि 1976 मध्ये ती 64 लाखांवर गेली.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर समुपदेशन असते, आणि त्याचा मुख्य सल्ला हा की दोन वाहकांनी एकमेकांशी विवाह करताना चारवेळा विचार करावा, कारण त्यांच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. सल्ला योग्य आहे. गावात त्याचे रूप मात्र असे होते की मुलीचा अहवाल 'वाहक' आला तर सोयरीक मोडते आणि मुलाचा अहवाल कोणी विचारतच नाही. मग पुढच्या घरची मंडळी मुलींची तपासणीच टाळतात. मोहिमेच्या यशापयशात हा भाग मला रक्ताच्या चाचणीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

चौकस

सर्वांचे मनापासून आभार. 'वैनगंगा' सरांना एक उपप्रश्न आहे. वाहकांनी वाहकांशी विवाह टाळला, तर 'एसएस' बाळे जन्मणार नाहीत हे समजले. पण मग जनुक कमी होईल का? आणि सिकलसेलवर जनुकसंपादनाचा जो नवा उपचार आला आहे, त्याने हा वारसा तुटतो का?

शंकेखोर

वरील प्रतिसादांत माहिती भरपूर आहे, पण उत्तर थोडे फार सुखकर झाले आहे असे मला वाटते. एकेका ठळक आजाराचे गणित करून चिंता नाही असे म्हणणे सोपे आहे. खरी शंका किरकोळ परिणाम करणाऱ्या असंख्य उत्परिवर्तनांबद्दल आहे. प्रत्येक बाळ आईवडिलांत नसलेली सुमारे साठ ते सत्तर नवी उत्परिवर्तने घेऊन जन्मते, आणि वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे त्यांत दीड-दोनाची भर पडते. बहुतेक निरुपद्रवी असतात, काही थोडी हानिकारक असतात. जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी 1950 मध्येच हा उत्परिवर्तनांचा बोजा मांडला होता. निवडीची चाळणी सैल झाली, तर हा बोजा कुठे तरी जमा होणारच, हे तर्काने नाकारता येत नाही.

दुसरे उदाहरण वंध्यत्वाचे. एकच शुक्रजंतू थेट बीजांडात सोडण्याची इक्सी ही पद्धत 1992 पासून वापरात आहे. काही पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या अत्यल्प असण्याचे कारण वाय गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असणे हे असते. पूर्वी हा दोष त्या पुरुषाबरोबरच संपत असे. आता तो प्रत्येक मुलाकडे जसाच्या तसा जातो, कारण वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडेच जाते. ब्रसेल्समध्ये या पद्धतीने जन्मलेले पहिले मुलगे वयात आल्यावर 2016 मध्ये त्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांची शुक्रजंतूसंख्या समवयस्कांपेक्षा कमी आढळली. येथे हजारो वर्षांची वाट पाहावी लागत नाही. उपचारावर अवलंबून राहणारी वंशरेषा उपचारानेच तयार होते आहे. मी या उपचाराच्या विरोधात नाही. पण हा परिणाम जोडप्यांना आधी समजावून सांगितला जातो का, याची मला दाट शंका आहे.

गणिती

'शंकेखोर' यांचा इक्सीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. वेगाने परिणाम दाखवणाऱ्या प्रकारांत ते उदाहरण रेटिनोब्लास्टोमाच्या शेजारी बसते.

उत्परिवर्तनांच्या बोजाबद्दल मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की निवडीचा मोठा भाग जन्माच्या आधीच घडतो. गर्भधारणांपैकी अनेक गर्भधारणा स्त्रीला कळण्यापूर्वीच संपतात, आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचे मोठे दोष आढळतात. ही चाळणी वैद्यकाने सैल केलेली नाही. दुसरी गोष्ट अशी की ज्या उत्परिवर्तनाने उपचार उपलब्ध असलेल्या परिस्थितीत काहीच बिघडत नाही, त्याला हानिकारक म्हणताना आपण गेलेल्या काळाची मोजपट्टी लावत असतो. उपचार बंद पडले तर काय, हा प्रश्न गंभीर आहे. पण तो व्यवस्था टिकवण्याचा प्रश्न आहे. उत्परिवर्तने कमी हवी असतील, तर पुरुषांनी अपत्याचा निर्णय चाळिशीपलीकडे न ढकलणे हा उपाय कोणत्याही निवडीपेक्षा स्वस्त आणि कोणावरही अन्याय न करणारा आहे.

वैनगंगा

'चौकस' यांच्या उपप्रश्नाचे उत्तर : नाही, जनुक कमी होणार नाही. वाहकांनी वाहकांशी विवाह टाळला, तर 'एसएस' बाळ एकही जन्मणार नाही आणि जनुकाचे प्रमाण मात्र जसेच्या तसे राहील, कारण निवडीला पकडण्यासारखी व्यक्तीच उरणार नाही. वाहकाची निम्मी मुले वाहक होतील, आणि हे अखंड चालू राहील. सायप्रसमध्ये थॅलसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचे, असेच आहे. तिथे सातांमागे एक जण वाहक आहे. सत्तरच्या दशकापासून विवाहपूर्व आणि गर्भावस्थेतील तपासणी सुरू झाल्यावर बाधित बाळांचे जन्म जवळजवळ थांबले, आणि वाहक आजही आहेत. गर्भाच्या तपासणीचा मार्ग धरला आणि जोडप्याने बाधित गर्भाच्या जागी दुसरे मूल होऊ दिले, तर जनुक घटते, पण बाधित बाळे दगावत असत तेव्हाच्या मानाने मंद गतीने, कारण वाचलेल्या भावंडांत तीनांतले दोन वाहक असतात. म्हणून मोहिमेच्या नावातील 'निर्मूलन' हे आजाराचे आहे, जनुकाचे नाही, आणि तसे असण्यात काही वाईट नाही.

जनुकसंपादनाचा उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेत मान्य झाला. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून त्यांत बदल करतात आणि परत देतात. गंमत अशी की सिकलसेलचे जनुक त्यात दुरुस्त होतच नाही. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारी कळ निकामी केली जाते, ते हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशी वाकेनाशा होतात. रुग्णाचे बीजांड किंवा शुक्रजंतू अस्पर्श राहतात, तेव्हा त्याच्या प्रत्येक अपत्याला सदोष प्रत मिळणारच. त्यातच या उपचाराआधी बुसल्फानसारखे तीव्र औषध देऊन जुनी मज्जा नष्ट करावी लागते, आणि त्याने वंध्यत्व येऊ शकते. अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर आहे, म्हणून धानोरा किंवा अक्कलकुव्यातील रुग्णासाठी आजचा प्रश्न हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आरोग्य उपकेंद्रात दर महिन्याला मिळतात की नाही, हाच आहे.

एक भर घालतो, कारण या चर्चेत वैद्यक निवड सैल करते एवढेच आले आहे. ते नवा दाबही निर्माण करते. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता हाही मलेरियाच्या प्रदेशात टिकलेला वारसा आहे, आणि एरवी तो बहुतेकांना जाणवतही नाही. व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतातून उखडण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या जातात, तेव्हा मात्र याच माणसांच्या तांबड्या पेशी फुटून लघवी काळसर होते आणि वेळेत लक्ष गेले नाही तर जीवावर बेतते. तसेच आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजातल्या काही जणांत एका विकराची कमतरता असते. आयुष्यभर तिचा पत्ता लागत नाही, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्याचे सक्सिनिलकोलिन दिले की श्वास काही तास परत येत नाही. ही जनुके कालपर्यंत निरुपद्रवी होती. औषध आल्यावर ती धोक्याची झाली. आमच्या भागात प्रायमाक्विन सुरू करताना मी लघवीच्या रंगाबद्दल नातेवाइकांना दोनदा बजावतो, आणि जिथे चाचणी उपलब्ध आहे तिथे ती आधी करून घ्यावी असे सहकाऱ्यांनाही सांगतो.